हिप्पोक्लिडीसला काय त्याचं!

पप्पा घरी येत ते चारच्या सुमाराला, आणि आल्या आल्या त्यांना गरम पाण्याचा टब लागे. निळा प्लास्टिकचा टब, त्यात मूठभर मीठ. बूट काढताना ते एक विशिष्ट हुंकार देत, तो शेजारच्या मल्याळी कुटुंबालाही ऐकू जाई, कारण आमच्यात आणि त्यांच्यात फक्त एक प्लायवुडची भिंत होती. अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतला तो एक मोठा व्हिला. मालकाने त्याचे पाच तुकडे करून पाच कुटुंबांना दिले होते. आमच्या वाट्याला दोन खोल्या आणि मागच्या व्हरांड्यावर पत्रा टाकून केलेलं स्वयंपाकघर आलं होतं. एसी सुरू झाला की खिडकीची काच थरथरायची, मुसाफाच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारे ट्रेलर गेले की कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. पप्पा त्या किणकिणाटावरून सांगत, "ही क्वार्टर प्लेट. ही सूप बाउल." अबू धाबीतल्या एका मोठ्या हॉटेलात ते बँक्वेट कॅप्टन होते. लग्नं, कंपन्यांची वार्षिक जेवणं, शेकडो माणसांच्या पंगती, हा त्यांचा प्रांत. दिवसभर उभं राहणं हीच त्यांची नोकरी होती, आणि ती त्यांनी आयुष्यभर मान ताठ ठेवून केली.

आई मुसाफातल्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर होती. दिवसभर हिंदी, थोडी अरबी, थोडी मल्याळम बोलून ती घरी आली की म्हणायची, "खलास, आता माझ्याशी फक्त मराठीत बोला." आम्ही वसईचे कॅथलिक. इथे तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा, आणि घरी येऊन आई नारळाच्या दुधात पीठ भिजवून फुगे तळायची. तेलात पडलेला गोळा टम्म फुगून आपोआप उलटायचा, तो मी आजही डोळे मिटून पाहू शकते. बरोबर मटणाचा रस्सा, आणि कुणी गावाहून आलं असेल तर सुकटीची चटणी. सुकट भाजायच्या आधी आई पाचही घरांची दारं वाजवून सांगून यायची, "आज जरा वास येईल हं." मला भाऊबहीण नाही. त्या घरात आम्ही तिघंच, आणि आम्हा तिघांना बोलायला फार लागायचं.

पुस्तक आलं ते माझ्या अकरावीच्या वर्षी. शाळेच्या लायब्ररीत नीलिमा मॅडम होत्या, मूळच्या सोलापूरच्या. साडीवर कार्डिगन घालायच्या, कारण लायब्ररीचा एसी कुणालाच कमी करता येत नसे. त्या दिवशी त्या जुनी पुस्तकं काढून टाकायला बसल्या होत्या. त्यातलं एक जाडजूड, कव्हर गेलेलं पुस्तक त्यांनी माझ्यासमोर सरकवलं.

"जसिंता, हे घे. वर्षानुवर्षं कुणी इश्यू केलेलं नाही. इतिहास म्हणून लिहिलेलं जगातलं पहिलं पुस्तक हेच, असं म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? आहे की नाही?"

"म्हणजे म्हणतात," मॅडम हसून म्हणाल्या. "वाच, मग कळेल मी असं का म्हणाले."

ते मला चार पानांतच कळलं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो ग्रीक लेखक गावोगाव, बेटोबेटी फिरला होता. नावाड्यांना विचारायचा, पुजाऱ्यांना विचारायचा, लढाईतून परतलेल्या म्हाताऱ्यांना विचारायचा. एकाच घटनेच्या दोन हकिकती मिळाल्या तर दोन्ही लिहायचा. कुठे सांगायचा की हे मी डोळ्यांनी पाहिलं, कुठे सांगायचा की हे फक्त कानावर आलंय. आणि एका ठिकाणी तर त्याने सरळ कबूल करून टाकलं होतं की लोक सांगतात ते सांगणं माझं काम, त्यावर विश्वास ठेवायलाच हवा असं काही नाही. नीलिमा मॅडमनी मला सांगितलं की इंग्रजीतला हिस्टरी हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा मुळातला अर्थ नुसता 'चौकशी' असा होता. शाळेच्या पुस्तकात इतिहास म्हणजे लढाया आणि करार. इथे इतिहास म्हणजे एक चौकस माणूस, धुळीने भरलेले पाय, आणि "मग पुढे काय झालं हो?" हा प्रश्न. मी आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या रेजिना मावशीसारखाच की. तीही सगळं विचारून येते आणि वर म्हणते, खरं-खोटं देव जाणे."

पप्पांचे पाय टबात असले की मी त्यांना त्या पुस्तकातल्या गोष्टी वाचून दाखवायची. इंग्रजी वाचायची आणि मराठीत सांगायची. एका दुपारी हिप्पोक्लिडीसची गोष्ट आली.

ग्रीसमधल्या सिक्योन नावाच्या नगराचा एक राजा होता. त्याला मुलीसाठी सगळ्या ग्रीसमधला उत्तम नवरा हवा होता. त्याने दवंडी दिली, आणि गावोगावचे श्रीमंत, घरंदाज तरुण येऊन दाखल झाले. राजाने त्यांना तब्बल वर्षभर ठेवून घेतलं.

"वर्षभर?" पप्पांनी डोळे उघडले. "रोज जेवण? किती माणसं?"

"तेरा-चौदा असतील. बरोबरचे नोकर वेगळे."

"आणि किचन कोण बघत होतं? ते लिहिलंय?"

ते लिहिलेलं नव्हतं. राजा त्यांना पळायला लावी, कुस्ती खेळायला लावी, आणि मुख्य म्हणजे जेवताना कोण कसं वागतं ते पाही. सगळ्यांत त्याला आवडला तो अथेन्सचा हिप्पोक्लिडीस. रूपाने देखणा, पैशाने मोठा, घराणं उत्तम. निकालाचा दिवस आला. राजाने शंभर बैल कापले, अख्ख्या नगराला जेवण घातलं. जेवण झाल्यावर गाणं आणि बोलणं यांची चढाओढ लागली. हिप्पोक्लिडीसने बासरीवाल्याला नाचाची धून वाजवायला सांगितली आणि तो नाचायला लागला. राजाच्या कपाळाला आठ्या. मग त्याने टेबल मागवलं, त्यावर चढून नाचला. शेवटी टेबलावर डोकं टेकवून उलटा उभा राहिला आणि हवेत पायांनी ताल धरला. राजाला राहवेना. तो म्हणाला, "अरे, तू नाचून नाचून लग्न घालवलंस!" त्यावर हिप्पोक्लिडीस उलट्या डोक्यानेच म्हणाला... इथे मी अडखळले. "हिप्पोक्लिडीसला त्याची पर्वा नाही," असं मी भाषांतर केलं.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "असं कोण बोलतं गं? 'हिप्पोक्लिडीसला काय त्याचं!' असं म्हण."

आणि ते बसलं. लेखकाने पुढे लिहिलं होतं की तेव्हापासून ग्रीसमध्ये ती म्हणच पडली. आमच्या घरात ती त्या दुपारपासून पडली. पप्पांना मात्र नवरदेवाचं मुळीच पटलं नाही. ते पाय पुसत म्हणाले, "राजाचं बरोबर आहे. जेवणाच्या टेबलावर चढला? टेबलक्लॉथचं काय झालं असेल? माझ्या बँक्वेटमध्ये असता तर मी सिक्युरिटी बोलावली असती." आईचं म्हणणं वेगळंच होतं. "त्या मुलीला कुणी विचारलं का? तिला नाचणारा आवडला असेल तर?" मी पुस्तक पुन्हा पाहिलं. मुलीचं नाव होतं, पुढे ती कुणाला दिली तेही होतं. तिचा एक शब्दही नव्हता. "बघ," आई म्हणाली, "एवढा सगळ्यांना विचारत फिरला, तिला नाही विचारलं."

त्यानंतर आमच्याकडे दूध उतू गेलं, बस चुकली, केबलवाल्याने कनेक्शन कापलं, तरी कुणीतरी म्हणायचं, हिप्पोक्लिडीसला काय त्याचं! पप्पाही म्हणू लागले, न पटलेल्या माणसाचं वाक्य असूनही.

आता सबनीस साहेबांबद्दल सांगायला हवं. मला त्यांच्यावर अन्याय करायचा नाही. तो माणूस दिलदार होता. कन्स्ट्रक्शनच्या धंद्यात त्यांनी अफाट कमावलं होतं, आणि दर वर्षी आपल्या लोकांतल्या एका मुलाला किंवा मुलीला स्वखर्चाने परदेशी शिकायला पाठवायचे. सगळा खर्च त्यांचा. निवड मात्र त्यांच्या पद्धतीने व्हायची. वर्षभर, महिन्यातून एका शुक्रवारी, निवडक मुलांना ते आपल्या व्हिलावर बोलवायचे. कधी क्विझ, कधी बॅडमिंटन, कधी नुसतं जेवण आणि गप्पा. ते टेबलाच्या टोकाला बसून सगळ्यांकडे पाहत असायचे. तुम्ही काटा कसा धरता, ड्रायव्हरशी कसं बोलता, हरल्यावर तोंड कसं करता. आम्ही सहा जण होतो, वर्ष संपता संपता दोघी उरलो. मी आणि अनघा नावाची एक हुशार, शांत मुलगी. आई एकदा घरी येताना गाडीत म्हणाली, "जसू, हा तुझा सिक्योनचा राजाच दिसतोय." पप्पा म्हणाले, "गप्प बस. राजा का असेना, पोरीचं भलं करतोय."

एक अट होती. मी इतिहास शिकायचं म्हणाले तेव्हा सबनीस साहेब मोठ्याने हसले. "हिस्टरी? हबीबी, हिस्टरी म्हणजे झालेलं गेलेलं. तू मॅनेजमेंट कर. फ्युचरचं बोल." मी मान हलवली होती. होय म्हणाले होते. एक नीलिमा मॅडम सोडल्या तर ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही, आज सांगते, कारण पुढच्या प्रसंगात मी फार शूर होते असा कुणाचा समज व्हायला नको. मॅडमना मी सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं." आणि पुस्तकांवर शिक्के मारत राहिल्या.

निकालाचं जेवण शुक्रवारी दुपारी होतं. मिस्सा आटोपून आम्ही तिघं थेट तिकडे गेलो. पप्पांनी त्यांचा एकमेव सूट घातला होता, आईने मोतिया रंगाची साडी. लांबलचक टेबलाला चोवीस माणसं होती. साहेबांचे मित्र, दोन-तीन कंपन्यांचे मॅनेजर, अनघाचे आईवडील. प्रत्येक जागेपुढे नावाचं कार्ड होतं. पप्पांच्या कार्डावर 'मिस्टर डॉमनिक' असं लिहिलेलं होतं, आणि त्यांनी ते बोटाने जरा सरळ केलं. मला ते बोट अजून दिसतं. साहेबांनी बसतानाच माझ्या कानात सांगितलं, "जेवण झालं की अनाउन्समेंट. स्पीच तयार ठेव." मी आईकडे पाहिलं, आईने डोळे मिटले.

सूप यायला लागलं आणि गडबड कळली. केटररची चार पोरं यायची होती, दोनच आली होती. त्या दोघांची धांदल उडाली होती. एक जण चुकीच्या बाजूने वाकत होता, एका बाईच्या साडीवर सांडता सांडता राहिलं. टेबलाच्या अर्ध्या भागाला सूप पोचलं होतं, उरलेले रिकाम्या बाउलकडे पाहत होते. साहेब टोकावरून हसत म्हणाले, "अरे डॉमनिक, तुम्ही बसून काय राहिलात? हे तर तुमचंच डिपार्टमेंट! जरा बघा ना, यल्ला, उठा."

लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते, जेवणाच्या टेबलावरचं हसू. पप्पांनी मांडीवरचा नॅपकिन घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवला, कोटाचं बटण लावलं आणि ते उठले. क्षणात ती दोन पोरं सुतासारखी सरळ झाली. पप्पा हळू आवाजात हिंदीत सांगत होते, "तू उधर से शुरू कर, लेफ्ट साइड, हां, आराम से." स्वतः सूपचं भांडं घेऊन ते एकेका पाहुण्याकडे वाकू लागले. माझ्यापाशी आले तेव्हा सवयीने म्हणाले, "एक्स्क्यूज मी, मॅडम." मी वर पाहिलं. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं की ती मी आहे.

ते भांडं भरायला किचनकडे गेले, तेवढ्यात उशिरा आलेले एक पाहुणे दारात उभे राहिले. साहेब उठून त्यांना मिठी मारून आत घेऊन आले आणि पप्पांच्या खुर्चीकडे हात करून म्हणाले, "बसा, बसा, ही रिकामीच आहे." पाहुणे बसले. पप्पांचं कार्ड त्यांनी उचललं, वाचलं, आणि मिठाच्या भांड्यामागे ठेवून दिलं.

मी म्हणाले, "ती जागा पप्पांची आहे."

"अगं, पप्पा बिझी आहेत," साहेब म्हणाले. "त्यांचं नंतर बघू. तू जेव."

आई बाउलकडे पाहत होती. मी उठले. मोठा विचार वगैरे काही केला नव्हता. एवढंच कळत होतं की ज्या टेबलावर पप्पांना जागा नाही तिथे मला बसता येणार नाही. बाजूच्या ट्रॉलीवर ब्रेडच्या टोपल्या होत्या. एक उचलली आणि वाढायला लागले. एका मॅनेजरसाहेबांना, त्यांच्या बायकोला, अनघाच्या वडिलांना. अनघाच्या वडिलांनी ब्रेड घेताना माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, तेही उठतात की काय.

"जसिंता," साहेब म्हणाले, "ठेव ते. तू आजची मुख्य पाहुणी आहेस."

"पप्पा वाढतायत, सर. मीही वाढते."

"मी तुला बस म्हणतोय."

मी पुढच्या माणसापुढे टोपली धरली. साहेब अजून हसतच होते, पण आवाज बदलला. "बघ हं, ब्रेड वाढता वाढता स्कॉलरशिप घालवशील."

त्या क्षणी पप्पा किचनच्या दारातून भरलेलं भांडं घेऊन आत आले. त्यांनी ते वाक्य ऐकलं. आणि मी, सतरा वर्षांची, हातात ब्रेडची टोपली धरून, चोवीस माणसांच्या समोर म्हणाले, "हिप्पोक्लिडीसला काय त्याचं!"

कुणालाच काही कळलं नाही. कळलं ते फक्त दोघांना. आईच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. तिने नॅपकिन तोंडावर दाबला, पण खांदे हलत होते. आणि पप्पांच्या हातातल्या भांड्यातून, सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच, सूप पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडलं.

अनाउन्समेंट झाली ती अनघाच्या नावाची. पप्पांनी शेवटचं डेझर्टही पोचवलं, मगच कोट नीट केला. आम्ही निघालो तेव्हा रस्त्यावर उन्हाचा भगभगाट होता. गाडीचं स्टिअरिंग पप्पांच्या हाताला चटके देत होतं. घरी आल्यावर त्यांनी टबही मागितला नाही.

"तुला माझी लाज वाटली," ते शेवटी म्हणाले.

"नाही, पप्पा."

"वाटली. बाप वाढतो म्हणून लाज वाटली. अगं, मी त्यांनी सांगितलं म्हणून नाही उठलो. सूप थंड होत होतं. ती पोरं घाबरलेली होती. मला ते बघवेना म्हणून उठलो. ते काम आहे माझं, आणि मी ते चांगलं करतो. त्यासाठी तू तुझं आयुष्य फेकून दिलंस? एवढी मोठी संधी?" मग अगदी न राहवून ते म्हणाले, "आणि ब्रेड उजवीकडून वाढत होतीस!"

मी रडायला लागले. बोलली ती आई. ती उभ्या उभ्याच पायातल्या चपला काढत होती. "अहो, तुम्ही किचनमध्ये गेलात तेव्हा त्यांनी तुमच्या खुर्चीत दुसरा माणूस बसवला."

पप्पांना ते माहीत नव्हतं. ते म्हणाले, "कुणी बसवला?"

"साहेबांनी. हाताला धरून. त्या माणसाने तुमचं कार्ड मिठामागे टाकलं. पोरगी म्हणाली, ही जागा पप्पांची आहे. ते म्हणाले, त्यांचं नंतर बघू."

पप्पा पलंगावर बसले. बाहेर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

माझी मुलगी ही गोष्ट ऐकते तेव्हा इंग्रजीत विचारते, "बट मम्मा, डिड यू रिअली नॉट केअर?" अबू धाबीतल्याच रीम आयलंडवरच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीत बसून मी तिला खरं सांगते. मला फार वाटलं होतं. मी तीन दिवस नीट जेवले नाही. अनघाच्या फेअरवेलला गेले नाही. त्या पहिल्या इतिहासकाराने हिप्पोक्लिडीसची गोष्ट म्हणीपाशी संपवली, दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तेव्हा त्याला कसं वाटलं हे लिहिलं नाही. मला वाटतं, त्यालाही फार वाटलं असणार. पण 'काय त्याचं' म्हणायला मन दगडाचं असावं लागत नाही. काही गोष्टींपेक्षा दुसरी एखादी गोष्ट मोठी आहे, एवढं त्या क्षणी ठाऊक असलं की पुरे. आणि तसाच प्रसंग उद्या आला तर मी पुन्हा टोपली उचलेन. फक्त डावीकडून वाढेन.

त्या जेवणानंतरच्या रविवारी मी शाळेत गेले तोवर गोष्ट माझ्या आधी पोचली होती. कुणी म्हणत होतं, जसिंताने ब्रेड फेकून मारला. कुणी म्हणत होतं, तिचे वडील प्यायले होते. दारूचा थेंबही न घेणाऱ्या माझ्या बापाबद्दल! मी रागाने तडक लायब्ररीत गेले. नीलिमा मॅडमनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि एक कोरी वही पुढे ठेवली.

"लिहून काढ," त्या म्हणाल्या. "तू जे पाहिलंस ते पाहिलं म्हणून लिही. जे ऐकलंस ते ऐकलं म्हणून. आणि जे तिथे होते त्यांना विचार. आवडत नसलेल्यांनाही."

मी विचारलं. आईला विचारलं. अनघाला विचारलं, तिने खाली मान घालून सांगितलं की तिच्या वडिलांना खरंच उठायचं होतं, आईने बाही धरून बसवलं. मुसाफात केटररच्या शेडबाहेर मला त्या दोन वेटरपैकी एक भेटला, नेपाळचा प्रेम. तो म्हणाला, "आपके पापा ने मेरी नौकरी बचाई, दीदी. सूप गिर जाता तो मेरा खलास था." पप्पांनी जे सांगितलं होतं तेही खरं होतं, आणि आईने सांगितलं तेही. एकाच टेबलाच्या दोन बाजू. मी दोन्ही लिहिल्या. सबनीस साहेबांना विचारायचं धैर्य मला झालं नाही, म्हणून तिथे लिहिलं, 'यांचं म्हणणं मला माहीत नाही.' पुढे वसईच्या आत्याकडे राहून मी मुंबईच्या कॉलेजात शिकले, इथे परत आले, आणि आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. माझं पहिलं इतिहासलेखन त्या वहीतलं. पण चौकशी पुरी व्हायला आठवडा गेला. त्याच रविवारी संध्याकाळी एक गोष्ट घडली, ती मी वहीत शेवटी लिहिली आहे.

आम्ही तिघं घरात होतो. दोन दिवस पप्पा माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. त्यांचा मोबाइल वाजला. नाव पाहून ते उभे राहिले. साहेब लोकांचा फोन ते नेहमी उभं राहूनच घेत. आवाज मोठा होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. सबनीस साहेब गोड बोलत होते. झालं गेलं, पोरगी लहान आहे, रक्त गरम असतं. अनघाची अनाउन्समेंट झाली खरी, पण पप्पांच्या मनात असेल तर दोघींनाही पाठवता येईल, पैशाचा प्रश्न नाही. फक्त पोरीला एकदा व्हिलावर घेऊन या. त्या दिवशी जे लोक होते तेच येतील. तिने सगळ्यांसमोर सॉरी म्हणावं. दोन मिनिटांचं काम. इन्शाल्ला सगळं नीट होईल.

आईने माझा हात धरला. मी पप्पांकडे पाहत होते. शुक्रवारीच त्यांनी मला विचारलं होतं, एवढी मोठी संधी फेकून दिलीस? ती पुन्हा आली होती, आमच्या दारात उभी होती. मला ठाऊक होतं की ते 'येतो साहेब' म्हणाले तर मी जाईन. त्यांच्यासाठी जाईन.

पप्पांनी घसा साफ केला.

"साहेब, माझी मुलगी ब्रेड वाढत होती. मी सूप वाढत होतो. पाहुण्यांना वाढण्यात माफी मागण्यासारखं काय असतं, ते एकदा सांगा. मी आत्ता गाडी काढतो."

मग साहेब म्हणाले, "डॉमनिक, विचार कर. तिच्या करिअरचा प्रश्न आहे." वर्षभराचं 'तुम्ही' एका वाक्यात गळून पडलं होतं.

"विचार केला, साहेब," पप्पा म्हणाले. "ती येणार नाही. मीही येणार नाही. तुम्ही बोलावलंत, जेवू घातलंत, थँक यू. गुड इव्हनिंग."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. पप्पा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता ओरडतील.

"तुझ्या त्या लायब्ररीवाल्या मॅडमना विचार," ते म्हणाले, "इतिहासासाठी कॉलेजचा फॉर्म कुठून आणायचा. उद्याच विचार. शेवटची तारीख निघून जायला नको."